नवगावच्या किनाऱ्यावर दोन सहली

आमच्या सीमाभागातल्या शाळांच्या सहलींचे रस्ते ठरलेले असतात. पन्हाळा-जोतिबा, कणेरी मठ, फार तर रायगड, आणि पालकांच्या खिशाला परवडलं तर गणपतीपुळे. यंदा मुलांनी समुद्रच हवा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, समुद्र मिळेल, पण त्याच्याबरोबर थोडा इतिहासही गिळावा लागेल. अशी तडजोड होऊन कंग्राळीहून अलिबाग ठरलं. मुलांच्या यादीत बीच आणि कुलाबा किल्ला होता. माझ्या यादीत आणखी एक गाव होतं, नवगाव.

आमची कंग्राळी बेळगावला इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं हे रिक्षावाल्यालाच विचारावं. गावं दोन, बुद्रुक आणि खुर्द; तोंडी मात्र सगळे बी.के. आणि के.एच. असंच म्हणतात. मार्केट यार्ड जवळ, मार्कंडेय नदी जवळ, भाताची शिवारं अजून थोडीफार शिल्लक, तालमीही शिल्लक. घरात मराठी, शाळेत मराठी, बसच्या पाटीवर कन्नड. अशा गावातल्या पोराला ‘आपण कोण’ हे तारखांमधून शिकवलं जातं. १७ जानेवारीला १९५६च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अभिवादन. १ जूनला शेजारच्या हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना. १ नोव्हेंबरला काळा दिवस. मी स्वतः मुलांना या ठिकाणी नेत आलोय आणि नेत राहणार. पण पोराला आपली भाषा फक्त दंडाला काळी फीत बांधल्यावरच भेटत असेल तर काहीतरी उणं राहतं, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. काय उणं राहतं हे मात्र अलिबागला जाईपर्यंत नीट सांगता येत नव्हतं.

रात्री निघालो. निपाणी, कागल, कराड, सातारा हे सगळं मुलांनी झोपेत काढलं. पुण्यापुढे उजाडलं, खोपोलीला चहा झाला, पेणला गणपतीचे कारखाने खिडकीतूनच दाखवले आणि वडखळ नाक्यावरून बस अलिबागच्या रस्त्याला लागली. पेझारी, पोयनाड. एकाने पाटी वाचून विचारलं, “सर, पेझारकर म्हणून कोण असतील काय गा हितं?” मी म्हटलं, असतील, पण त्यातले बरेचसे आता इस्रायलमध्ये असतील. बसभर हशा पिकला. सर सकाळी सकाळी चेष्टा करतायत असंच सगळ्यांना वाटलं.

ही चेष्टा नव्हती. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, अष्टमकर ही रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून पडलेली आडनावं बेने इस्रायलांची आहेत. ज्यू धर्म पाळणारी आणि घरात मराठी बोलणारी ही माणसं कोकणात कित्येक शतकं राहिली. गावागावांत तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांचं नाव शनिवार तेली ठेवलं. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, धर्मगुरू नव्हते. पण शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ची प्रार्थना एवढं त्यांनी सोडलं नाही. पुढे मुंबईला गेले, कंपनी सरकारच्या पलटणीत गेले, रेल्वेत, शाळांत, इस्पितळांत नोकऱ्या केल्या. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड, हे मूळचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईचे १९३७चे महापौर डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर. इंग्रजीतले कवी निस्सीम इझिकेल हेही याच समाजातले.

अलिबागेत ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ला चालत केला, मुलं गुडघाभर भिजली आणि पोहे खाऊन आम्ही इस्रायल आळीत शिरलो. मागेन अबोथ हे तिथलं प्रार्थनास्थळ १८४८चं. आजची इमारत १९१०च्या सुमाराची. कोकणात आणि मुंबईत बेने इस्रायलांच्या प्रार्थनास्थळाला जुनी माणसं मशीदच म्हणतात. मुंबईतलं पहिलं, शार हारहमीम, १७९६मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. हे सामाजी, म्हणजे सॅम्युएल दिवेकर, कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते, म्हैसूरच्या टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे बांधलं, असं सांगतात. मशीद बंदर स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं, असाही एक प्रवाद आहे. म्हैसूरचं नाव निघताच आमच्यातल्या एका चळवळ्या पोराचे कान टवकारले. त्याला म्हटलं, शांत बस, तो सीमाप्रश्न वेगळा.

दाराशी आधीच एक बस उभी होती. आत वीस-पंचवीस मुलं-मुली, पंधरा-सोळा वर्षांची, अंगात सारखे टी-शर्ट, गळ्यात नावाच्या पट्ट्या. पुढे त्यांचे दोन शिक्षक आणि ठाण्याचे एक वयस्कर गृहस्थ. मुलं इस्रायलची: लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा. त्यांचे आजी-आजोबा १९५० आणि ६०च्या दशकांत इथून गेलेले. आई-वडील तिकडेच जन्मले, मुलं तर तिकडचीच. पट्ट्यांवर इंग्रजीत आडनावं होती आणि आमची पोरं ती एकेक करून मोठ्यानं वाचायला लागली. “सर, खरंच की!” पेझारीच्या चेष्टेचा निकाल तिथेच लागला.

ठाण्याच्या काकांनी मला विचारलं, “मास्तर, कुठून?” बेळगाव म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि एकच अट घातली, मुलग्यांनी डोकं झाकायचं. टोप्या पुरल्या नाहीत. मग आमच्यातल्या काहींनी हातरुमालाला चार कोपऱ्यांत गाठी मारून डोक्यावर घातले, आपल्याकडे उन्हात नांगरताना घालतात तसे. तिकडची मुलं बघून हसली आणि एकाने आपली टोपी काढून रुमाल मागून घेतला. मध्यभागी लाकडी कठडा असलेला उंच ओटा, त्याला तेबा म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. वर टांगलेले काचेचे दिवे. काकांनी एकदा हिब्रूत सांगायचं, मग तेच मराठीत आमच्यासाठी. एकदा गडबडीत त्यांनी इस्रायली मुलांनाच मराठीत सांगितलं, “चपला नीट लावा रे,” आणि दोन मुली मुकाट्यानं उठून चपला लावायला गेल्या. त्यांना हिब्रूत विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, आजी रोज हेच ओरडते.

मग मलिदा आला. गूळ-खोबरं घालून भिजवलेले पोहे, वर फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलातला प्रेषित एलीया, याच्या नावानं हा नैवेद्य करतात: नवस फेडताना, लग्नाच्या आधी, घरात काही शुभ घडलं की. जगातल्या इतर ज्यूंना मलिदा माहीत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलीयाचा रथ तिथून स्वर्गात गेला आणि त्याच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी यांची श्रद्धा. इस्रायलहून येणारे बेने इस्रायल त्या खडकावर गेल्याशिवाय परतत नाहीत. ही मुलं दुसऱ्या दिवशी जाणार होती. आमच्या एका मुलीनं मलिद्याचा द्रोण संपवून निकाल दिला, “गोड दडप्यांसारखं लागतंय.” तिचं काही चुकलं नव्हतं.

सणांच्या नावांचं काकांनी सांगितलं तेव्हा तर आमच्या पोरांनी वह्या काढल्या. योम किप्पूरला कोकणातल्या जुन्या बायका दारफाळणीचा सण म्हणायच्या, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास आणि प्रार्थना. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण. पुरीम होळीच्या आसपास येतो म्हणून तो होळीचा सण. मांसाबरोबर दूध चालत नाही, मग गोडधोड नारळाच्या दुधात. धर्म ज्यू, ओटी कोकणची. १८७४मध्ये पुण्यात छापलेल्या यांच्या मराठी-हिब्रू हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीत, बायका नऊवारीत जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळ्या लाटताना दाखवल्या आहेत. कीर्तनही होतं: १८८०च्या सुमारास यांच्यात अब्राहामाची, योसेफाची आख्यानं लावणारी मराठी कीर्तनं सुरू झाली.

पण त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम काकांनी मासळी बाजारात केलं. बेने इस्रायलांची एक जुनी कथा आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला, ही माणसं खरोखर ज्यू आहेत का हे त्याला पाहायचं होतं. त्यानं त्यांच्या बायकांपुढे मिसळलेल्या माशांची टोपली ठेवली आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढेच निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. तो कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कथा घरोघर आहे. काकांनी मुलांना बाजारात नेलं आणि एका कोळणीसमोर उभं केलं. “निवडा.” मुलं बावरली. मोबाईलमधली पिढी, त्यांना मासा म्हणजे तुकडे करून पाकिटात आलेला. कोळणीनं कमरेवर हात ठेवले. “अहो, खवला बघायचा, असा.” तिनं नखानं बोयटाच्या अंगावरून उलटा हात फिरवला आणि चंदेरी खवले टेबलावर उडाले. मग मुलं भराभर लागली. बोय घेतला. रावस घेतला. कोळंबी सोडली, चिंबोरी सोडली, तिसऱ्या सोडल्या. एका मुलानं मुशी उचलली होती. बाकीच्यांनी हिब्रूत आरडाओरडा करून ती परत ठेवायला लावली. आमची देशावरची पोरं, त्यांना सगळेच मासे सारखे. तीही दोन्ही बाजूंनी सल्ले द्यायला लागली. कोळणीनं शेवटी सगळ्यांना हाकलून दिलं, तेही खरं, धंद्याची वेळ होती तिची.

काका मला म्हणाले, “आमच्या पणज्यांना लिहिता येत नव्हतं हो. मासा निवडता येत होता. त्यावर सगळं टिकलं.”

दुपारी दोन्ही बस नवगावला गेल्या. किनाऱ्याजवळ झाडीत एक जुनी दफनभूमी आहे. बेने इस्रायलांची परंपरा अशी: फार पूर्वी एक गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीची प्रेतं गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पुरली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७मध्ये तेल अवीवमध्ये छापून निघाला. त्यात हे येणं इसवी सनापूर्वी १७५च्या सुमारास धरलं आहे. दुसरे अभ्यासक बऱ्याच नंतरचा काळ सांगतात. २०१६च्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेचा वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही मिसळलेले दिसले. किनाऱ्यावरच्या बायकांनाही हे संशोधनाशिवाय सांगता आलं असतं, असं मला वाटतं.

तिथे स्मारकाचा खांब आहे. बाकी जुने उंचवटे, ज्यांच्यावर नावं नाहीत. मुलं पांगली. तिकडच्या प्रत्येकानं एकेक खडा उचलून ठेवला, फुलं कुणीच नाही. आमच्यातल्या एकानं कारण विचारलं. त्या मुलीला इंग्रजीत नीट सांगता येईना, मग तिनं त्याच्या हातात एक खडा दिला. त्यानंही ठेवला. हिंडलग्याला आपण हार घालतो, असं त्यानं नंतर मला सांगितलं, त्यापुढे काही बोलला नाही.

परतताना नारळाच्या बागेत दोन्ही गटांचं बसणं झालं आणि खरं बोलणं तिथे झालं. एक मुलगा, उंच, दिमोनाचा, त्याला पुढल्या वर्षी शाळेबरोबर पोलंडला जायचं होतं. इस्रायलच्या शाळांमधून मोठ्या वर्गांतली मुलं पोलंडला जातात, छळछावण्या बघतात. १९८८पासून जगभरच्या ज्यू तरुणांचा एक मोर्चाही ऑशविट्झपासून बिर्केनाऊपर्यंत, सुमारे तीन किलोमीटर, निघतो. इस्रायलबाहेर वाढलेल्या ज्यू तरुणांना तो देश फुकट दाखवणारी एक मोठी योजना १९९९पासून आहे. ज्यू मुलांना इतिहास पायी चालवत शिकवायचा ही पद्धत जुनी आणि पक्की. साठ लाख माणसं मारली गेली त्या इतिहासाला असं शिकवलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं. “वर्गात सगळ्यांच्या पणजोबांचं युरोपात काहीतरी झालं. माझे पणजोबा तेव्हा कुठे होते, बाई विचारतात. मी म्हणतो, रेवदंड्याला, नारळ विकत होते. वर्ग हसतो.” काकांनी हे मराठीत केलं तेव्हा आमच्यातलं कुणी हसलं नाही. आमच्या पोरांनाही कन्नड पुस्तकातल्या धड्यात कंग्राळी कधी भेटलेली नाही.

मग त्यांच्या शिक्षिकेनं दुसरं सांगितलं. हे कोकणातून गेले तेव्हा तिकडच्या धर्मगुरूंनी यांच्या ज्यूपणावरच शंका काढली. लग्न लावायचं तर आधी पूर्वजांची चौकशी करा, असा हुकूम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. बेने इस्रायलांनी जेरुसलेमात धरणं धरलं, उपोषणं केली, आणि १९६४मध्ये सरकारला बाजू घ्यावी लागली, धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. ज्या कोकणात कुणी कधी पुरावा मागितला नाही, तिथून उठून ते ‘आपल्या’ देशात गेले आणि तिथे पुरावा द्यावा लागला. ही गोष्ट त्या मुलांना आधीपासून माहीत होती, पण नवगावात बसून ऐकताना ती निराळी लागत असणार. इथे त्यांच्या पूर्वजांना मासा निवडून दाखवावा लागला तोही एका ज्यूलाच.

१९५१च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. २०११मध्ये साडेचार हजारांच्या आसपास, निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. महाराष्ट्र सरकारनं २०१६मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये यांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो. लोदमध्ये महाराष्ट्र दिन! बेळगावात तो साजरा करताना परवानगीचे कागद कसे फिरतात हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे ऐकून आमच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

मला जे उणं वाटत होतं ते मला तिथे सापडलं. अस्मितेची सहल दोन प्रकारची असते. एक, आपल्याला कुठे मारलं ते दाखवणारी. दुसरी, आपण कसे जगलो ते दाखवणारी. पहिली सहज जमते, कारण तिथे स्मारक असतं, तारीख असते, भाषण करणारा माणूस असतो. दुसरीला कोळीण लागते, बंद पडलेला तेलाचा घाणा लागतो, मलिद्याचे पोहे लागतात, आणि हे सगळं मुलांना सांगू शकेल असा एखादा काका. पहिलीतून मुलाला कळतं की आपला शत्रू कोण. दुसरीतून कळतं की आपला शेजारी कोण होता. बेने इस्रायलांच्या मुलांना कोकणात जी मिळते ती दुसऱ्या प्रकारची, आणि जगातल्या ज्यूंच्या इतिहासात ती दुर्मीळ आहे: शेकडो वर्षं एका किनाऱ्यावर राहून कुणी हाकललं नाही, कुणी जाळलं नाही, फक्त शनिवारी तेल मिळत नाही म्हणून नाव ठेवलं.

आमच्याकडे या दुसऱ्या सहलीचा दुष्काळ आहे. कंग्राळीतल्या किती पोरांना ठाऊक आहे की आपल्या आजोबांनी कुठल्या तालमीत माती उपसली, मार्कंडेयच्या काठी कुठलं भात पिकायचं, यार्डात भाव कुठल्या भाषेत व्हायचा? तो दोन्ही भाषांत व्हायचा, हेही सांगायला हवं. हुतात्म्यांनी जीव दिला तो या सगळ्या जगण्यासाठी. ते जगणंच दाखवलं नाही तर हार कशाला घालतोय हे पोराला कळायचं कसं?

दिमोनाच्या त्या मुलानं जाताना आमच्या एकाशी टी-शर्ट बदलला. आमच्याकडे आता एक हिब्रू अक्षरांचा टी-शर्ट आहे, तो कबड्डीच्या सरावाला घालतात. त्याच्याकडे आमच्या तालमीचा.

सीमाभागातल्या शिक्षकांना एवढंच सांगणं: कोकणची सहल काढलीत तर अलिबागेत किल्ल्यापाशी थांबून परतू नका. इस्रायल आळी जवळ आहे, नवगावही फार लांब नाही. प्रार्थनास्थळ बघायचं असेल तर आधी विचारून जा, मुलग्यांसाठी टोप्या किंवा रुमाल सोबत ठेवा, दफनभूमीत आवाज कमी ठेवा. आणि शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी जाऊ नका. त्या वेळी ते बघायला येणाऱ्यांसाठी नसतं.